शाळा घरात, घर गाडीत

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याच्या पद्धतीला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात, आणि ती चळवळ म्हणून उभी केली ती मुख्यतः श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांनी. मुले लहान असतात तोवर हे नाव शब्दशः खरे असते. स्वयंपाकघरातले टेबल हा वर्ग, आई हीच बाई आणि मधली सुट्टी परसात. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की चित्र पालटते. रसायनशास्त्र आईच्या आवाक्याबाहेर जाते, मुलाला समवयस्क हवे असतात आणि कॉलेजला कागद हवे असतात. शाळेतून बाहेर पडलेले कुटुंब मग शाळेचाच एकेक तुकडा परत जमवू लागते: कुठे प्रयोगशाळा, कुठे बास्केटबॉलचा संघ, कुठे वादस्पर्धा, गुणपत्रक आणि शेवटी पदवीदानाचा झगासुद्धा. किशोरवयीन मुले असलेल्या अशा घरातली धावपळ ही बरीचशी या जमवाजमवीची धावपळ असते.

या पद्धतीचे दोन उगम सांगितले जातात आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. पहिला जॉन होल्ट या शिक्षकाचा. शाळा मुलांची जिज्ञासा मारते, असे त्याने 1964 पासून पुस्तकांतून मांडले आणि 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढले. त्याचे वाचक बहुतांशी मोकळ्या विचारांचे, प्रस्थापिताला विटलेले. दुसरा उगम रेमंड आणि डोरोथी मूर या ॲडव्हेंटिस्ट दांपत्याचा. त्यांचे ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे पुस्तक 1975 मध्ये निघाले. मुलांना लवकर शाळेत घालू नका, हे त्यांचे म्हणणे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमातून 1980 च्या सुमारास हजारो ख्रिस्ती घरांत पोचले. जमीन आधीच नांगरलेली होती. सरकारी शाळांतली शाळापुरस्कृत प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये आणि पवित्र शास्त्राचे वाचन 1963 मध्ये घटनाबाह्य ठरवले होते. शाळेतून देव हद्दपार झाला, अशी भावना अनेक मंडळ्यांत घर करून होती.

कायद्याची लढाई त्यानंतरची. आमिश पंथाच्या मुलांना आठवीनंतर सक्तीच्या शिक्षणातून सूट देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1972 चा निकाल हाताशी होता; पण तो आमिशांपुरता. 1983 मध्ये मायकेल फॅरिस आणि माइक स्मिथ या वकिलांनी ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ स्थापन केली आणि राज्याराज्यांत खटले व कायदे लढवले. शिकवणाऱ्याकडे शिक्षकाचे प्रमाणपत्र हवे, ही मिशिगनमधली अट धार्मिक कारणाने घरी शिकवणाऱ्यांपुरती 1993 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच सुमारास सर्व पन्नास राज्यांत ही पद्धत कायदेशीर झालेली होती. पुढच्याच वर्षी संसदेतल्या एका शिक्षण विधेयकातल्या कलमाचा अर्थ ‘घरी शिकवणाऱ्या आईलाही प्रमाणपत्र लागेल’ असा लावला गेला, तेव्हा या कुटुंबांनी खासदारांचे फोन दिवसेंदिवस अडवून ठेवले. ते कलम काढण्याच्या बाजूने 424 मते पडली, विरुद्ध 1. ही मंडळी संख्येने थोडी असली तरी संघटित आहेत, हे वॉशिंग्टनला त्या आठवड्यात कळले.

नियम मात्र आजही राज्यागणिक वेगळे आहेत. टेक्सासमध्ये कुणाला कळवावेही लागत नाही. वाचन, शब्दलेखन, व्याकरण, गणित आणि ‘चांगले नागरिकत्व’ हे पाच विषय प्रामाणिकपणे शिकवले म्हणजे झाले. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वर्षाचे 180 दिवस किंवा वरच्या वर्गांसाठी 990 तास शिकवल्याची नोंद, मुलाच्या कामाचे बाड आणि बाहेरच्या मूल्यमापकाचा दाखला लागतो. म्हणजे एकाच कुटुंबातल्या दोन बहिणी वेगवेगळ्या राज्यांत राहत असल्या, तर एकीच्या कपाटात फायलींची रांग आणि दुसरीच्या कपाटात नुसती पुस्तके.

या घरांतला दिवस पवित्र शास्त्रापासून सुरू होतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांनी देवाच्या आज्ञा मुलांना घरात, वाटेवर, झोपताना आणि उठताना शिकवाव्यात असे सांगितले आहे. होमस्कूलिंगची सगळी धार्मिक बाजू याच वचनावर उभी केली जाते. सकाळी न्याहारीच्या टेबलावर वाचन आणि प्रार्थना होते. मग लहान भावंडे आईजवळ बसतात आणि मोठी आपापली पुस्तके घेऊन खोलीत, माळ्यावर किंवा तळघरात पांगतात. मोठ्यांनी बरेचसे स्वतःच शिकायचे, असा शिरस्ता असतो. आईलाही तेच सोयीचे पडते, कारण चार मुलांना चार इयत्तांचे शिकवणे एका माणसाच्या दिवसात बसत नाही.

पाठ्यपुस्तकांचा बाजार म्हणूनच ‘एकट्याने शिकता येईल’ या गुणावर चालतो. फ्लोरिडातल्या पेन्साकोला येथील ‘अबेका’ची पुस्तके आणि शिकवणीच्या चित्रफिती घरोघर असतात. ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ या 1970 मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या पद्धतीत प्रत्येक विषयाच्या वर्षाला बारा पातळ पुस्तिका असतात. मूल त्या एकामागून एक भरते आणि आपणच तपासते. गणितासाठी जॉन सॅक्सन यांची पुस्तके लोकप्रिय आहेत. हवाई दलातून निवृत्त होऊन ओक्लाहोमातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या या गृहस्थांनी एक नवी गोष्ट थोडीशी सांगायची आणि मग आधीच्या सगळ्या पाठांवरची मिश्र गणिते घालायची, अशी पद्धत बसवली. आपल्याकडच्या उजळणीला ती बरीच जवळची वाटते. विज्ञानाला ‘अपोलॉजिया’ प्रकाशनाची पुस्तके. त्यांतल्या जीवशास्त्राबरोबर गांडूळ, क्रेफिश, मासा आणि बेडूक यांच्या विच्छेदनाची पेटी मिळते आणि एखाद्या दुपारी जेवणाच्या टेबलावर फॉर्मॅलिनचा वास पसरतो.

विज्ञानाच्या या पुस्तकांतच एक गाठ आहे. त्यांतली बरीच पुस्तके पृथ्वी काही हजार वर्षांची मानतात आणि उत्क्रांतीकडे खोडून काढायचा सिद्धांत म्हणून पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा पुस्तकांवर आधारलेले काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी धरायला नकार दिला, तेव्हा ख्रिस्ती शाळांनी दावा लावला. 2008 मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि 2010 मध्ये अपिलातही तो टिकला. तो दावा घरशाळांचा नव्हता, पण पुस्तके तीच होती. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाचे यामुळे फार अडत नाही. वैद्यकीकडे वळणाऱ्या मुलीला मात्र पहिल्या वर्षी बरेच नव्याने वाचावे लागते.

आठवड्यातला एक दिवस ‘को-ऑप’चा. आपल्या भिशीत जशी पैशाची पाळी फिरते, तशी इथे शिकवण्याची फिरते. जिला लॅटिन येते ती सगळ्यांच्या मुलांना लॅटिन शिकवते, नर्स असलेली आई शरीरशास्त्र घेते आणि काहीच येत नाही म्हणणारी तान्ह्या मुलांची खोली सांभाळते. जागा चर्चच्या तळघरातली. 1997 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ली बोर्टिन्स यांनी सुरू केलेल्या ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ने याच कल्पनेचे मोठे जाळे विणले. आठवड्यातून एक दिवस एकत्र आणि बाकीचे घरी, हा त्यांचा क्रम. बारा वर्षांवरच्या मुलांसाठी ‘चॅलेंज’ नावाचे सहा टप्पे असतात.

त्यामागची कल्पना डोरोथी सेयर्स या इंग्रज रहस्यकथालेखिकेची आहे. 1947 मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या निबंधात तिने मध्ययुगीन व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी मुलांच्या वाढीशी जोडली. लहानपणी पोपटासारखे पाठ करायला आवडते, तेव्हा पाठांतर करून घ्यावे. मग उलट उत्तरे द्यायचे वय येते, तेव्हा तर्कशास्त्र शिकवावे. वाद घालायचाच आहे तर नीट घाला. त्यानंतर मनातले सुंदर मांडण्याचे वय. या मांडणीत शास्त्र किती हा प्रश्न वेगळा. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या उलट बोलण्याला दोष न मानता अभ्यासाचा कच्चा माल मानणारी ही कल्पना आयांना धीर देते, आणि तिच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

वाद घालण्याची हौस सर्वांत जास्त भागते ती वक्तृत्व आणि वादस्पर्धांत. वकिलांनीच उभारलेल्या चळवळीत हे स्वाभाविक होते. होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशनने 1990 च्या दशकात सुरू केलेल्या स्पर्धांतून ‘एनसीएफसीए’ ही ख्रिस्ती वादस्पर्धा संघटना वाढली, आणि 2009 मध्ये तिच्यातून फुटून ‘स्टोआ’ निघाली. वर्षभरासाठी एक विषय ठरतो. मुले दोघादोघांच्या जोड्या करून पुरावे गोळा करतात. जानेवारीपासून दर काही आठवड्यांनी कुठल्यातरी गावच्या चर्चमध्ये किंवा कॉलेजात तीन-तीन दिवसांच्या स्पर्धा होतात. पंधरा वर्षांची मुले कोट-टाय घालून, मुली सूट घालून, पुराव्यांचे खोके ओढत या वर्गातून त्या वर्गात जातात. परीक्षक म्हणून दुसऱ्या मुलांचे आईबाप बसतात, आणि माणसे कमी पडली तर गावातले कुणीही. ‘अपोलोजेटिक्स’ नावाचा एक प्रकार खास या जगातला. चिठ्ठी उचलायची, तीवर श्रद्धेविषयीचा प्रश्न असतो, चार मिनिटे विचार करायचा आणि सहा मिनिटे बोलायचे. त्यासाठी मुले वर्षभर स्वतःच्या हाताने कार्डे लिहून पेटी भरतात. एका अर्थी ही कीर्तनकाराचीच तालीम, फक्त समोर घड्याळ धरलेला माणूस बसलेला.

स्पर्धा, को-ऑप, पियानोची शिकवणी, पोहणे, ‘फोर-एच’ मंडळातली शेळी किंवा कोंबडी, बुधवारी संध्याकाळी चर्चमधला तरुणांचा मेळावा. यातले प्रत्येक ठिकाण दहा-वीस मैलांवर आणि सार्वजनिक वाहन जवळजवळ नाही. म्हणून या घरांतला मोठा वेळ गाडीत जातो. मोठ्या कुटुंबांकडे बारा किंवा पंधरा आसनांची व्हॅन असते. तीत मागे एक जण गणित सोडवत असतो, मधल्या रांगेत बोलके पुस्तक चालू असते आणि पुढे आई डब्यातले सफरचंद खात असते. घरी स्लो कुकरमध्ये सकाळीच टाकलेले मांस आणि बटाटे संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतात. मुलाच्या सोळाव्या वाढदिवसाची आई त्याच्याइतकीच आतुरतेने वाट पाहते, कारण बहुतेक राज्यांत त्या सुमारास वाहनपरवाना मिळतो आणि घराला दुसरा चालक लाभतो. टेक्सासमध्ये गाडी शिकवण्याचे वर्गसुद्धा आईबापांनाच घेता येतात, म्हणजे तोही विषय घरच्या वेळापत्रकात बसतो.

खेळांचा प्रश्न बराच काळ अडलेला होता. अमेरिकेत गावाचा खेळ म्हणजे शाळेचा खेळ. शाळा नाही तर संघ नाही. फ्लोरिडाने 1996 मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांना जवळच्या सरकारी शाळेच्या संघातून खेळण्याची परवानगी देणारा कायदा केला. त्याचा सर्वांत प्रसिद्ध लाभार्थी टिम टीबो. मिशनरी आईबापांचा, चारही भावंडांसह घरी शिकलेला हा मुलगा सरकारी हायस्कूलकडून फुटबॉल खेळला आणि 2007 मध्ये त्याने कॉलेज फुटबॉलमधला हाइझमन करंडक जिंकला. इतर राज्यांतल्या अशा विधेयकांना तेव्हापासून ‘टीबो विधेयक’च म्हणतात. विरोध दोन्हीकडून होतो. शाळेत न येणाऱ्याला शाळेचा सदरा का, असे शाळावाले विचारतात. आणि शाळेचा सदरा घातला की शाळेचे नियमही मागोमाग येतील, अशी धास्ती काही घरशाळावाल्यांना वाटते. दरम्यान, ज्यांना थांबायचे नव्हते त्यांनी स्वतःचे संघ काढले. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डला ख्रिस्ती घरशाळांच्या बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरते, तेव्हा गावातली हॉटेले या व्हॅनांनी भरून जातात.

हा सगळा डोलारा बहुधा आईच्या खांद्यावर असतो. लहान मुलांची ती शिक्षिका असते. मोठ्या मुलांपुरती ती कारकून, चालक, परीक्षानियंत्रक आणि सचिव होते. वडील नोकरी करतात, संध्याकाळी बीजगणिताची अडलेली गणिते पाहतात आणि अनेक घरांत रात्रीची भक्ती चालवतात. घर एकाच पगारावर चालते, आणि सरकारी शाळांसाठीचा मालमत्ता कर तर भरावाच लागतो. अलीकडे काही राज्ये पालकांच्या हाती पैसा देऊ लागली आहेत. ॲरिझोनाने 2022 मध्ये अशी खाती सर्वांसाठी खुली केली. टेक्सासने 2025 मध्ये केलेल्या कायद्यात घरशाळेतल्या मुलासाठी वर्षाला 2,000 डॉलरपर्यंतची तरतूद आहे. गंमत म्हणजे जुन्या घरशाळावाल्यांतूनच त्याला मोठा विरोध आहे. सरकारचा पैसा आला की सरकारचा माणूस दारात येणार, हा त्यांचा युक्तिवाद चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे.

आईने घरी शिकवणे ही गोष्ट मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. पंडिता रमाबाईंना आठव्या वर्षापासून साधारण पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकवले. शाळा नाही, पक्के घरही नाही. तीर्थयात्रेच्या वाटेवरच ते शिक्षण झाले. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. सार्वजनिक शाळांचा अमेरिकेला त्या काळी मोठा अभिमान होता. त्या शाळा सोडून तिथलीच ख्रिस्ती कुटुंबे शंभर वर्षांनी घरी परततील, हे तेव्हा कुणाला सांगून खरे वाटले नसते.

कॉलेजची कागदपत्रे हे नववीपासूनचे ओझे. अमेरिकेतल्या हायस्कुलात विषय ‘क्रेडिट’मध्ये मोजतात, आणि एका क्रेडिटचे जुने माप साधारण 120 तासांचे आहे. आई वहीत तास मोजते, विषयाला नाव देते, गुण देते, सरासरी काढते आणि गुणपत्रकावर मुख्याध्यापक म्हणून स्वतः सही करते. ‘कॉमन ॲप’ या कॉलेजांच्या सामाईक प्रवेशअर्जावर समुपदेशकाच्या रकान्यातही तिचेच नाव येते. आईने दिलेल्या ‘ए’ची किंमत काय, हा प्रश्न प्रवेश अधिकाऱ्यांना पडतोच. म्हणून ही मुले बाहेरचा साक्षीदार शोधतात: ऑक्टोबरात पीएसएटी, मग एसएटी किंवा एसीटी. 2015 पासून जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांवर आधारलेली ‘क्लासिक लर्निंग टेस्ट’ही आहे, आणि फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी 2023 मध्ये ती मान्य केली. त्याहून भक्कम साक्ष म्हणजे गावच्या कम्युनिटी कॉलेजात सोळा-सतराव्या वर्षी घेतलेले एक-दोन विषय. अनेक मुलांनी अनोळखी माणसासमोर वर्गात बसण्याची ती पहिलीच वेळ असते. वाट मात्र आता रुळलेली आहे. 1998 पासून घरशाळेतल्या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळण्यातली अडचण दूर झाली, आणि 2000 मध्ये फॅरिस यांनी व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल येथे पॅट्रिक हेन्री कॉलेज काढले ते मुख्यतः याच मुलांसाठी.

या घरांतले खरे ताण वेळापत्रकात दिसत नाहीत. मुलाला जगापासून जपण्यासाठी ज्यांनी शाळा सोडली, त्यांना त्याच मुलाला चार वर्षांत जगात सोडायचे असते. फोन कधी द्यायचा, चर्चबाहेरचे मित्र किती, मुलीने कुणाबरोबर बाहेर जायचे, यावर घराघरांत वेगळी उत्तरे आहेत. जोशुआ हॅरिस या घरशाळेत वाढलेल्या तरुणाने 1997 मध्ये ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ लिहिले आणि लग्नाआधी प्रेमप्रकरणे नकोत, आईबापांच्या देखरेखीत ओळख व्हावी, हा विचार एका अख्ख्या पिढीच्या घरांत नेला. दाखवण्याच्या कार्यक्रमांना कंटाळलेल्या आपल्याकडच्या मुलींना त्याची उलटी मौज वाटेल. 2018 मध्ये हॅरिसने पुस्तकातल्या चुका कबूल करून ते छापणे थांबवले आणि पुढच्या वर्षी आपण आता ख्रिस्ती राहिलो नाही असे जाहीर केले. घरी शिकून मोठी झालेली काही मुले 2013 मध्ये एकत्र आली आणि ‘कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल होम एज्युकेशन’ ही संस्था काढून त्यांनी देखरेखीची मागणी केली. ज्या घरात शिकवलेच जात नाही किंवा मुलाला मारहाण होते, तिथे बाहेरचा डोळा पोचत नाही, हे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते टाळता येण्यासारखे नाही. बहुसंख्य घरे तशी नाहीत, हे खरे. पण नोंदच न ठेवणाऱ्या राज्यांत तशी घरे किती आहेत हे मोजायचे कसे, याचे उत्तर चळवळीने दिलेले नाही.

चळवळीचा चेहराही बदलतो आहे. 1999 मध्ये अमेरिकेत सुमारे 8,50,000 मुले घरी शिकत होती. 2016 मध्ये सुमारे 17 लाख. 2007 च्या सरकारी पाहणीत 36 टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे मुख्य कारण सांगितले होते. 2016 मध्ये धार्मिक शिक्षण हे मुख्य कारण सांगणारे 16 टक्केच होते आणि शाळेतल्या वातावरणाची काळजी 34 टक्क्यांसह पुढे गेली. 2020 च्या साथीत तर जनगणना विभागाला घरी शिकवणारी कुटुंबे वसंतातल्या 5.4 टक्क्यांवरून शरदात 11.1 टक्क्यांवर गेलेली दिसली. कृष्णवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण 3.3 वरून 16.1 वर गेले. भारतीय ख्रिस्ती घरेही यात आधीपासून आहेत. 2000 मध्ये राष्ट्रीय शब्दलेखन स्पर्धा जिंकणारा बारा वर्षांचा जॉर्ज अब्राहम थम्पी हा मिसूरीतल्या भारतीय कुटुंबातला, घरी शिकणारा मुलगा. त्याच वर्षीच्या भूगोलाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो दुसरा आला होता.

बारावीचे वर्ष मे-जूनमध्ये संपते. राज्य संघटनांची अधिवेशने याच सुमारास भरतात आणि त्यांतच पदवीदान होते. व्हर्जिनियाच्या संघटनेचा समारंभ रिचमंडला असतो. झगे, टोप्या, बँड, सगळे शाळेसारखेच. फक्त नाव पुकारल्यावर आईबाप मंचावर येतात आणि प्रमाणपत्र मुलाच्या हाती तेच देतात. अधिवेशनाच्या मोठ्या दालनात तोवर पुस्तकविक्रेत्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि गावोगावच्या चर्चमध्ये जुन्या पुस्तकांचे बाजार भरतात. पाठची भावंडे असलेल्या घरातले सॅक्सनचे गणित कपाटातच राहते. शेवटचे मूल बाहेर पडले की ते पेनाच्या खुणांसकट एखाद्या घडीच्या टेबलावर येते. पलीकडे उभी असते ती पहिल्या मुलाला यंदा सातवीत घातलेली आई. उत्तरांची पुस्तिका बरोबर आहे ना, हे ती आधी विचारते.